तीन शब्दांचं नाव

लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी वेबसाइटवरचे अर्ज बनवायचे. दर अर्जाला तोच तोच कोड लिहून वैतागले, तेव्हा जावास्क्रिप्टची एकच फाइल केली. एचटीएमएलमध्ये ज्या चौकटीवर 'नाव' अशी खूण घालावी, ती चौकट आपोआप नाव तपासायला लागायची. 'वय' घातलं की वय. चूक दिसली की चौकट लाल आणि अर्ज पाठवायचं बटण बंद. एकदा लिहा, कुठेही लावा. महिनाभर मी स्वतःची टिमकी वाजवत हिंडले.

आम्ही सांगलीची माणसं. नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. तीन शब्द नसतील तर नाव अर्धवट, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की तीन शब्द मोजणारी ओळ लिहून मोकळी झाले. लखनौच्या तेलीबाग वस्तीत दहा वर्षं राहून! आमच्या गल्लीतच कितीतरी जणांच्या कागदांवर एकच शब्द होता.

आमच्या प्रयोगशाळेतल्या अटेंडंटची मुलगी बीएस्सी झाली होती आणि प्रशिक्षणार्थीच्या जागेसाठी अर्ज भरत होती. तिचं नाव एका शब्दाचं. शेवटच्या दिवशी दुपारी तिचे वडील माझ्या टेबलाशी आले.

"मैडम जी, नाम वाला खाना लाल हो जा रहा है."

"भैया, पूरा नाम डालिए ना," मी मान वर न करता म्हटलं.

"पूरा ही डाला है."

"फिर से देखिए. सिस्टम गलत नहीं बोलता."

"अच्छा जी," म्हणून ते गेले. पाच वाजता मुदत संपली.

दोन दिवसांनी दुसऱ्या विभागातून तीच तक्रार आली, तेव्हा कुठे मी फाइल उघडली. एक ओळ काढली आणि संस्थेतले सगळे अर्ज एका झटक्यात सुधारले. मुदत वाढवा म्हणून साहेबांकडे गेले, पण चूक माझी आहे हे काही तोंडातून निघालं नाही. 'तांत्रिक अडचण' म्हटलं. त्यांनी नियमावर बोट ठेवलं. त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते.

पुढच्या वर्षी जाहिरात निघाल्यावर मी मुलीला बोलावून माझ्याच खुर्चीवर बसवलं. तिने नाव टाकलं. चौकट हिरवी झाली. मी खुशीत चहा मागवला. मग तिने जन्मतारीख टाकली आणि ती चौकट लाल झाली. वयोमर्यादा चार महिन्यांपूर्वी उलटली होती.

"इसमें भी कुछ गड़बड़ है क्या, मैडम?" तिने विचारलं.

नव्हती. ती तपासणी मी अगदी बरोबर लिहिली होती.