तीन नंबरचं मशीन

माझ्या काकूनं जन्मभर दुसऱ्यांचंच लिहिलं. भाडेकरार, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं, नोकरीचे अर्ज, माफीची पत्रं. स्वतःचं असं एक पोस्टकार्डसुद्धा तिनं कधी टाकलं नाही. “मला कोण आहे लिहायला?” असं ती म्हणायची आणि मला राग यायचा, कारण मी, तिची सख्खी पुतणी, समोर बसून तिच्याच हातचा चहा पीत असायचे. पण तो टोला मला नसायचा. तो तिच्या दादाला असायचा, आणि दादा ऐकायला कुठंच नव्हता.

काकूच्या वडिलांचा टायपिंगचा क्लास होता. एका लांबट खोलीत सहा मशीनं. त्यातलं तीन नंबरचं मशीन एकदा दुरुस्तीला गेलं, तेव्हा मेकॅनिकनं ‘ळ’ आणि ‘व’ यांचे खिळे एकमेकांच्या जागी बसवून परत पाठवलं. ‘व’ दाबला की ‘ळ’ उमटायचा आणि ‘ळ’ दाबला की ‘व’. फी भरणाऱ्या मुलांना असलं मशीन कसं द्यायचं? म्हणून वडिलांनी ते घरच्या दोघांना दिलं. दादा आणि काकू तीन नंबरवरच शिकली आणि त्यांच्या बोटांना ते वळण कायमचं लागलं. चांगल्या मशीनवर बसली की दोघंही ‘कळावे’च्या जागी ‘कवाळे’ उमटवायची. अख्ख्या जगात ही चूक करणारी माणसं दोनच.

वडिलांसमोर जेवताना बोलायची सोय नव्हती. मग ही दोघं टेबलावर बोटं वाजवून बोलायची, टाइप करतात तशी. बोट कुठं पडलं ते पाहून अक्षर ओळखायचं. वडिलांना वाटायचं, पोरं सराव करताहेत. प्रत्यक्षात त्यांच्याचबद्दल काहीबाही चाललेलं असायचं. काकूचा हात सदानकदा कुठंतरी वाजत असायचा म्हणून दादा तिला ‘खुडबुडी’ म्हणायचा. हे नाव दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मला तरी कुठं होतं?

वडील गेले आणि दादानं तिला न विचारता क्लास मोडला. मशीनं भंगारात गेली, तीन नंबरसुद्धा. काकू पोचली तेव्हा टेबलांवर मशीनांच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे उरले होते. ती दारातूनच म्हणाली, “आजपासून तू मला मेलास.” दादानं एका शब्दानं उलट उत्तर दिलं नाही. आठवड्याभरात तो खोली सोडून गेला. कुठं गेला ते काकूनं विचारलं नाही. याला एकोणीस वर्षं झाली. काकूचा हट्ट असा, की काकांच्या शेवटच्या आजारपणातही तिनं भावाचा शोध घेऊ दिला नव्हता.

काकूला कामं देणारी एक वकीलबाई होती, तिनं यंदा सांगून टाकलं, “आता मला कागद नको, फाइल द्या. दोन दिवसांत एक वाटणीपत्र देते, ते कॉम्प्युटरवर जमलं तर काम चालू ठेवू.” काकू घरी आली आणि टाइपरायटरवर फडकं टाकून बसली. दुसऱ्या दिवशी मी तिला जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानात नेलं. तिच्याजवळ जे साठलेलं होतं त्यात नव्या कॉम्प्युटरचा फार तर माऊस आला असता.

दुकानदार गळ्यात चष्मा अडकवलेला, सावकाश बोलणारा माणूस होता. काकूनं आकडा सांगितला तेव्हा त्यानं आजाऱ्याची तब्येत विचारताना हलवतात तशी मान हलवली. पण वाईट नव्हता. “यात मिळेल,” म्हणाला. “चालणारं देईन. दिसणारं मागू नका.”

“टाइपरायटरचा जुना कळफलक आहे का एखाद्यात?” काकूनं विचारलं.

दुकानदार तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मग आत जाऊन त्यानं एका जुन्या लॅपटॉपचं राखी रंगाचं धूड उचलून आणलं. “यातला मराठीचा प्रोग्रॅम आता बाजारात मिळत नाही. म्हणून तेवढा ठेवला, बाकी सगळं पुसलंय. एकहाती आहे.”

“एकहाती म्हणजे?”

“एकाच माणसानं वापरलेलं. नाही आवडलं तर सात दिवसांत परत आणा.”

मी कळफलक पाहिला. बहुतेक कळांवरची अक्षरं झिजून गेली होती, पण पुसायची कळ कोरी करकरीत होती. “चुकतच नव्हता वाटतं हा गृहस्थ,” मी म्हणाले. काकू हसली. त्या यंत्रावरून आम्ही हसलो ते तेवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला बोलावून घेतलं. खोलीत लख्ख ऊन होतं. काकू यंत्रापासून हातभर लांब, हात मांडीवर घेऊन बसली होती.

“मी चुकले नाही,” ती म्हणाली.

“अभिनंदन.”

“थट्टा नको. मी चुकले गं. बोटं चुकली, ती मला कळतात. पण चूक उमटली नाही.”

तिनं माझ्यासमोर ‘कळावे’ टाइप केलं. पडद्यावर क्षणभर ‘कवाळे’ आलं आणि पाहता पाहता मुकाट्यानं ‘कळावे’ झालं. मी म्हटलं, हल्ली सगळीच यंत्रं शुद्धलेखन सुधारतात. आणि माझं म्हणणं खरं करायला तिला बाजूला सारून दोन बोटांनी ‘पाणि’ लिहिलं. ते ‘पाणि’च राहिलं. ‘आशिर्वाद’ लिहिलं, तेही तसंच. मग काकूच्या सांगण्यावरून ‘जळव’ लिहिलं. त्याचं ‘जवळ’ झालं. ‘ळेव’ लिहिलं, त्याचं ‘वेळ’ झालं. जगातल्या बाकी सगळ्या चुका त्या यंत्राला चालत होत्या. फक्त हिची एक चालत नव्हती.

माझ्या मानेवर काटा आला. भरदुपारी, पंखा चालू असताना. मी भुताखेताला हसणारी बाई आहे, आणि तरी त्या दुपारी त्या खुर्चीत पुन्हा बसायची माझी छाती झाली नाही.

“परत करू या,” मी म्हणाले.

“वाटणीपत्र उद्या द्यायचंय. तेवढं होऊ दे.”

संध्याकाळी ती स्वतःच जिना उतरून माझ्याकडे आली. तोंडावर रक्त म्हणून नव्हतं. मी तिला धरून वर नेलं. वाटणीपत्रात एका अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाच्या नावाआधी ‘चि.’ लिहायचं होतं. तिनं ‘चि.’ लिहून जागा सोडली, आणि यंत्रानं आपणहून पुढचं लिहिलं होतं. मी वाचलं:

‘चि. खुडबुडीस अनेक उत्तम आशीर्वाद.’

“खुडबुडी कोण?” मी विचारलं.

तेव्हा मला ते नाव कळलं, तीन नंबर कळलं आणि दारातलं ते वाक्यही कळलं. एकोणीस वर्षांत काकूनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर म्हणाली, “मेलास म्हणाले होते मी त्याला. मेल्यावर माणसाच्या वस्तू अशाच बाजारात येतात ना?”

मी म्हटलं, उद्या दुकानात जाऊ. ती रात्रभर माझ्याकडेच निजली. यंत्रावर तिनं टाइपरायटरचं फडकं टाकलं होतं.

सकाळी आम्ही ते यंत्र पिशवीत घालून दुकानात नेलं. दुकानदारानं कारण विचारलं. काकूनं नुसतं ‘चि.’ लिहून दाखवलं. त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला.

“भूतबीत काही नाही, बाई. काही लोक या प्रोग्रॅमला आपले शब्द शिकवून ठेवतात. थोडं लिहिलं की पुढचं तो लिहितो. नेहमीची चूक असेल तर तीही सुधारतो. ही बघा यादी.”

पडद्यावर दोन रकाने उघडले. शिकवलेला शब्द, आणि तो कितीदा वापरला त्याचा आकडा. पहिल्या काही ओळी ‘ळ’ आणि ‘व’च्या. त्यांच्या पुढचे आकडे हजारांत होते. खाली ‘चि.’ होता. त्याच्यापुढे आकडा होता चारशे चौदा. सगळ्यात शेवटी ‘क. लो. अ.’ होतं, म्हणजे ‘कळावे, लोभ असावा’, पत्राचा शेवट. त्याच्यापुढे शून्य.

मला हिशोब लागायला थोडा वेळ लागला. काकूचे काल-आजचे दोन वजा जाता चारशे बारा वेळा त्या माणसानं बहिणीला पत्र लिहायला घेतलं होतं. शेवटापर्यंत एकदाही पोचला नव्हता.

“हे कोणी आणून दिलं?” काकूनं विचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

“एक म्हातारेसे गृहस्थ होते. बरोबर त्यांची घरमालकीण होती, सगळं तीच बोलली.” दुकानदार थांबला. “ते काहीच बोलले नाहीत. या काउंटरवर सारखी बोटं वाजवत होते. मी म्हटलं, घाई आहे का? तर मान हलवली, नाही. आणि वाजवतच राहिले. खरं सांगू, मला बरं वाटेना. म्हणून लक्षात राहिले.”

“कधीची गोष्ट?”

“चार महिने झाले असतील.”

दुकानदाराच्या वहीत पत्ता होता. यंत्र परत न करता, पिशवीत घालून आम्ही तसेच निघालो. चालत अर्ध्या तासावरचा. एकोणीस वर्षं हा माणूस इतक्या जवळ राहत होता, आणि चार महिन्यांत काहीही होऊ शकतं, या दोन्ही गोष्टी काकूच्या चालण्यात दिसत होत्या. मध्येच ती धावल्यासारखी चालायची, मध्येच थांबायची. एका वळणावर म्हणाली, “तू एकटी जाऊन बघून येतेस का?” मी नाही म्हणाले. आयुष्यात मी काकूला इतक्या रोखठोकपणे कधी नाही म्हटलं नव्हतं.

तो जिना अरुंद होता. अर्ध्यावर आलो तेव्हा वरून आवाज ऐकू आला. टक् टक् टक्, थोडा थांबा, मग पुन्हा. लाकडावर काहीतरी पडत होतं, एका लयीत, न दमता. काकूनं कठडा धरला आणि माझ्या हातातली पिशवी हिंदकळून भिंतीला आपटली.

दार घरमालकिणीनं उघडलं. काकू कोण ते मी सांगितलं. तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “यांना कुणी आहे हे आजच कळतंय,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “आजारात वाचा गेली. पेन धरवत नाही. त्या पडद्याकडे पाहिलं की झटके यायचे, म्हणून डॉक्टरांनी ते यंत्र काढायला लावलं. तेव्हापासून हे असं चाललंय. सकाळी बसतात ते जेवायलाच उठतात. तापात माणूस बडबडतो ना, तशी बोटांची बडबड.”

आत खिडकीशी एक रिकामं टेबल होतं. त्याच्यासमोर, आमच्याकडे पाठ करून, एक वाळलेला माणूस ताठ बसला होता. दहाही बोटं टेबलावर चालत होती. टेबलावर कागदाचा कपटासुद्धा नव्हता. पाहवत नव्हतं. मी बाहेरच थांबले असते, पण काकू आत गेली आणि मला तिच्यामागं जावं लागलं.

ती त्याच्या खांद्याच्या थोडी मागं उभी राहिली आणि बोटांकडे पाहू लागली. बराच वेळ. मग तिचे ओठ हलले.

“चि. खुडबुडीस,” ती पुटपुटली. “अनेक उत्तम आशीर्वाद.”

बोटं थांबली. हात उचलले गेले. पुन्हा सुरुवातीला आले.

“चि. खुडबुडीस. अनेक उत्तम आशीर्वाद.”

पुन्हा तेच. पुन्हा तेच. चार महिने त्या घरात रोज हे पत्र मोठ्यानं वाजत होतं आणि वाचणारं कुणी नव्हतं.

काकूनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ती त्याच्या शेजारी बसली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पुढच्या वेळी ‘आशीर्वाद’शी बोटं थांबली तेव्हा तिनं आपली दहा बोटं टेबलावर ठेवली आणि एक शब्द लिहिला. मला टायपिंग येत नाही. तो शब्द ‘कळावे’ होता हे तिनं मला नंतर सांगितलं. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर त्याचं ‘कवाळे’ झालं असतं. त्या टेबलावर ते बरोबर होतं.

दादाची मान वळली. आधी तिच्या बोटांकडे, मग हळूहळू तिच्या तोंडाकडे. त्याचा चेहरा एका बाजूनं ओढलेला होता, त्यामुळे त्यावर काय उमटलं ते मला सांगता येणार नाही. पण त्यानं आपले हात थोडे बाजूला सरकवले, तिला जागा व्हावी म्हणून. जेवताना सरकवत असेल तसे.

काकू रडत होती आणि बोटं चालवत होती. बराच मोठा मजकूर होता. मी तिला परतताना विचारलं, काय लिहिलंस एवढं? म्हणाली, “दुसरं काय लिहिणार? म्हटलं, दारात बोलले होते ते शब्द खोडून टाक.”

“मग?”

तिचा मजकूर संपल्यावर दादानं टेबलावर पाचसहा वेळा बोटं वाजवली होती, ते मी पाहिलं होतं. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं पत्राची सुरुवात सोडून दुसरं काही लिहिलं होतं.

“त्यानं विचारलं,” काकू म्हणाली, “कुठले?”