सागाच्या पानांचा काठ

माझ्या बाबांना झाडांतलं काही कळत नव्हतं आणि ते तसं बिनदिक्कत सांगत. यंत्रमागांच्या नारपोलीत जन्मले, तिथेच लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागले आणि मी कॉलेजात गेले तोवर कारखान्यात जॉबर झाले होते. जॉबर म्हणजे लूम बिघडला की त्याच्या पोटात हात घालणारा माणूस. त्यांची बोटं कायम तेलानं काळी असायची, म्हणूनच की काय, कापडावर तेलाचा डाग ही त्यांच्या लेखी जगातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. घरात कुणाला धुतलेल्या कपड्यांना हात लावायचा तर आधी पंजे उघडून दाखवावे लागत. पीठ मळणाऱ्या आईलाही त्यातून सुटका नव्हती.

दुसरी गोष्ट त्यांच्या आवाजाची. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते सगळ्यांशी लूम चालू असल्यासारखंच बोलायचे. आमच्या घरातली एकही गोष्ट चाळीपासून लपून राहिली नाही.

त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं. आमच्यात नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत विहारात उभी राहतात. ताई कामतघरच्या एका दवाखान्यात नर्स होती, साड्यांची तिला हौस होती, पण ती म्हणाली, "मी दुकानातली नेसणार नाय. बाबांनी विणलेलीच नेसीन." बाबांनी गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांचं कापड काढलं होतं, स्वतःच्या घरासाठी रुमालही नाही. त्यांनी शेठची परवानगी काढली, एका जुन्या लूमवर बारीक सुताचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला आणि वीज असेल तेव्हा उभं राहून साडी विणली. मग ओळखीच्या प्रोसेस कारखान्यात नेऊन ती पांढरीशुभ्र करून आणली. आमच्या एका खोलीत फोडणीचा धूर लागेल म्हणून ती घरी न आणता कारखान्याच्या फोल्डिंग खात्यात, त्यांच्या कपाटात ठेवली. आम्हाला फक्त एकदा दाखवली, तीही लांबून.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. सुट्टीत जवळच्या जंगलातली पानंफुलं जमवायची, दाबून वाळवायची आणि कागदावर चिकटवून द्यायची, असं बाईंनी सांगितलं होतं. आमच्याकडे जवळचं जंगल म्हणजे तुंगारेश्वरचं अभयारण्य. कॉलेजनं परवानगी मिळवली होती. मी मैत्रिणीबरोबर जाणार होते, पण तिला ताप आला आणि बाबा म्हणाले, "शुक्रवारी लूम बंदच असतात. मी येतो. तू पानं बघ, मी तुला बघतो."

पायथ्याच्या चौकीवर एक गार्ड होते, पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या. कॉलेजचं पत्र वाचून त्यांनी एकच अट घातली. "झाडाला हात लावायचा न्हाय. खाली पडलं असंल ते घ्या."

"पडलेलंच घेऊ!" बाबा ओरडले. वडाच्या झाडावरचे बगळे उडाले.

"काका, हळू," गार्ड म्हणाले. "हितं लूम न्हाय चालू."

गार्ड वाट दाखवायला बरोबर आले. वर चढताना उन्हाळ्यानं पिवळं पडलेलं रान होतं. ऐनाच्या खोडांवर मगरीच्या पाठीसारख्या भेगा, कुंभ्याची रुंद पानं, करवंदाच्या जाळ्यांत उरलीसुरली काळी फळं. ओढ्याच्या घळीत उतरलो आणि सगळं बदललं. तिथे ऊन खाली पोचतच नव्हतं. दगडांवर नेचे, उंबराच्या खोडालाच लगडलेली उंबरं, भेर्ली माडाचे खाली लोंबणारे जाडजूड झुपके. एका जांभळीच्या फांदीवर सीतेची वेणी फुलली होती, पांढरी-गुलाबी, खरोखर वेणीसारखी लांब. गारंबीचा वेल तर माझ्या मांडीएवढा. तो एका झाडावरून उठून तिसऱ्या झाडावर गेला होता आणि वर हातभर लांबीच्या शेंगा टांगलेल्या होत्या. पुस्तकात मी हे सगळं पाठ केलं होतं, पण ते एवढं मोठं असतं हे कुठे लिहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला होता की मी वहीत काही टिपलंच नाही.

बाबा वेलाला हात न लावता, मान वाकडी करकरून त्याच्याभोवती फिरले. "तुटलेला तार कुठं दिसत न्हाय," ते कापडाचा धागा तपासावा तसं म्हणाले. मग गार्डकडे वळून विचारलं, "हे सगलं लावलं कोनी?"

"कोनी न्हाय. आपलं आपन आलं."

"आनि पानी?"

"तेबी आपलं आपन."

बाबांना ते पटलं नाही. दिवसभर जागेवर उभं राहिल्याशिवाय काही नीट चालत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. एवढा पसारा बिनजॉबरचा कसा चालतो, हे ते परतीच्या वाटेवरही पुटपुटत होते. अर्थात त्यांचं पुटपुटणं मला, गार्डना आणि घळीतल्या वानरांना स्वच्छ ऐकू येत होतं.

आदल्या दिवशी वादळी वारा झाला होता. खालच्या सागवनात सागाचे कोवळे शेंडे मोडून पडलेले होते, तांबूस, लवदार. बाबांना हे काम आवडलं. कारखान्यात जमिनीवरचं वेस्टेज गोळा करतात तसे ते वाकून वाकून वेचू लागले. ऐनाची, कुंभ्याची आणि नेच्यांची पडलेली पानं पिशवीत आधीच होती; सागाची मला चारच पुरेशी होती, त्यांनी पिशवी भरली. वेचता वेचता त्यांचे पंजे लालभडक झाले.

"मेंदी रंगली काका," गार्ड हसले. "कोवला साग चुरला का असाच रंगतो. हाताचा घाम लागतो ना त्याला."

बाबांनी ते लक्षात ठेवलं. तिथेच घोळ झाला.

घरी आल्यावर मी पानं वर्तमानपत्रात घालून वर पाटा ठेवायला निघाले, तर बाबांनी मला वेड्यात काढलं. आमच्याकडे कापडाच्या गाठी आवळायचं प्रेस असताना पाटा कशाला? दुसऱ्या दिवशी ते पिशवी घेऊन कामावर गेले. दुपारी लोडशेडिंग झालं, लूम बंद पडले, आणि हाताच्या चाकाचं ते प्रेस मोकळं होतं. पेपराची शाई माझ्या पानांना लागेल म्हणून त्यांनी पेपर बाजूला ठेवला. लूमवरचं कापड घ्यावं तर त्याला खळ आणि तेल. पोरीचं कॉलेजचं काम, त्याला कारखान्यातलं सगळ्यात स्वच्छ कापड हवं. त्यांनी कपाट उघडलं.

नंतर त्यांनी आम्हाला स्वतःचा हिशेब समजावून सांगितला तो असा, की रंग चढतो तो घामानं, आणि कापडाला घाम कुठे येतो? प्रेसच्या फळीची डावी बाजू तेलकट होती, म्हणून त्यांनी साडीच्या घड्यांत पानं उजव्या बाजूलाच लावली. एवढी काळजी घेतली त्या माणसानं. मग चाक असं आवळलं की गाठ बांधतानाही आवळत नसतील.

साडी त्यांनी संध्याकाळी घरी आणली. पहिल्यांदाच ते न बोलता दारातून आत आले, आणि त्यावरूनच आई घाबरली. त्यांनी साडी चटईवर उलगडली. कुंभ्यानं, ऐनानं आणि नेच्यांनी पुसट हिरवट ओल सोडली होती, ती पुढे पाण्यानं निघाली. पण सागानं सगळा जीव ओतला होता. एका किनारीनं, घडीमागून घडी, लाल पानंच पानं उमटली होती. शिरा, उपशिरा, किड्यानं कुरतडलेलं भोकसुद्धा. माझ्या नमुन्यांचा मात्र पापड झाला होता.

"हात दाखवून अवलक्षण," आई म्हणाली. बाबांनी आपले अजून लालच असलेले पंजे मागे लपवले.

आईनं एका टोकाला साबण लावून पाहिला, तर लाल रंग जांभळट होऊन आणखी पक्का बसला. लग्न तोंडावर आलेलं. नवा ताणा चढवून विणायला, धुवायला वेळ नव्हता. बाबा भिंतीला टेकून बसले आणि इतक्या हळू बोलले की मला जवळ जावं लागलं. "सकाली बाजारातून आनू एक. तिला सांगू, लूम बिघडला." त्यांचे डोळे भरले होते. आयुष्यात एकदा घरच्यासाठी विणायला गेले आणि तेही हातचं गेलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण मला नुसतं रडू येत होतं.

तेवढ्यात ताई ड्युटीवरून आली. लपवायला जागाच नव्हती, साडीनं अख्खी खोली व्यापली होती. ती चपला हातात घेऊन दारातच उभी राहिली. मग तिनं आवाज चढवला, बाबांना ऐकू जाईल असा.

"हे काय केलंत?"

बाबांनी सगळं सांगितलं. ताईनं चटईभोवती एक फेरी मारली, खाली बसून पानं निरखली आणि पुन्हा ओरडली, "एवढे मोठे जॉबर तुम्ही, आनि काठ एकाच बाजूला? पांढऱ्या साडीला काठ असतो, पन दोन्हीकडे असतो ना! दुसरी बाजू कोन करनार?"

बाबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं, म्हणून त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "दुसरी बाजू करा म्हनतेय."

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा तुंगारेश्वरला. गार्डना हकीकत सांगितली, ते मिशीतल्या मिशीत हसले, पण नियम तोच. आणि या वेळी वारा नव्हता. सागवनात जमिनीवर जुनी, वाळकी पानं तेवढी. मी म्हटलं, परत जाऊ, वाटेत कुणाच्या बांधावर साग दिसला तर मागून घेऊ. बाबा ऐकेनात. पानं याच रानातली हवीत, एका बाजूचा रंग असा आणि दुसऱ्या बाजूचा तसा, हे असलं कापड त्यांच्या हातून जाणार नव्हतं. ते एका सागाखाली बसून राहिले. वर कोवळे शेंडे हाताच्या अंतरावर होते. बाबांनी हात मांडीखाली दाबून ठेवले होते. अधूनमधून ते वर बघून झाडाला म्हणत, "टाक की रे एखादं!"

उन्हं चढली तेव्हा गार्ड आले आणि बाबांचे दाबलेले हात बघून म्हणाले, "काका, उठा. चौकीमागं माझं घर हाय, ते हद्दीभायेर. दारात साग हाय, मीच लावलाय. या रानातल्याच बीचा."

त्यांनी स्वतः पानं काढून दिली. बाबांनी त्यांना लग्नाचं आमंत्रण दिलं. ते बहुधा वसईपर्यंत ऐकू गेलं असेल.

या वेळी कारखान्यात आम्ही सगळेच गेलो. वीज गेली, लूम थांबले आणि आई फोल्डिंगच्या टेबलावर पानं मांडू लागली, एक सुलटं, एक उलटं, समोरच्या काठाशी जुळवून. लूमवरचे कामगार भोवती जमले. "मिस्त्री, ये कौन सी डिझाइन है?" एकानं विचारलं. "जंगल की है!" बाबा म्हणाले. प्रेसचं चाक कुरकुरलं, तर त्यांनी धावत जाऊन तेलाची बुधली आणली, चाकाला तेल दिलं, हात पँटला पुसले आणि घड्या सारख्या करून चाक फिरवलं. इतकं खूश मी त्यांना पगाराच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी ताईला साडी मी नेसवली. दोन्ही काठ छान उतरले होते. दुसरा जरा गडद होता, पण पहिल्यानंही साबण चाखला होता, त्यामुळे फिट्टंफाट. निऱ्या घालता घालता माझा हात थांबला. साडीच्या मधोमध, पांढऱ्या भागावर एक काळा ठसा होता. तेलाचा. अंगठ्याचा, रेषान् रेषा दिसणारा.

मी म्हटलं, "ताई, थांब. लिंबू आणते."

ताईनं वाकून पाहिलं आणि माझं मनगट धरलं. "राहू दे. ही निरी आत घे, माझ्या अंगाकडे."

विहारात त्रिसरण, पंचशील झालं, फुलं पडली. सासरकडच्या बायका काठाला हात लावून लावून बघत होत्या. मागच्या रांगेत पांढऱ्या मिशांचे गार्ड इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मग बाबा उठले आणि माल पाठवण्याआधी कापडाचा तागा तपासतात तसे ताईभोवती सावकाश फिरले, पदर बघितला, एक काठ, दुसरा काठ. समाधान झाल्यावर ते अख्ख्या विहाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "एकबी डाग न्हाय!"

ताईनं निऱ्यांवर हात ठेवला.

"नाय बाबा," ती म्हणाली. "एक पन नाय."