सुटलेल्या पोरीचे पेढे

सेलूच्या मैदानावर जया मॅडम पोलीस भरतीच्या मुलींना फुकट पळवतात. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि हल्ली त्या रागाला कारणही चांगलंच आहे. पोरी व्हेप ओढतात. निकोटिनच्या वाफेचं पेनाएवढं यंत्र, आंब्याचा वास, आईबापाला पत्ता नाही. म्हणे बंदी आहे! बंदी असलेली वस्तू पोरींना बिनबोभाट मिळते आणि मॅडमना मैदानावर प्यायच्या पाण्याची टाकी मिळत नाही.

आकांक्षा त्या पोरींत सगळ्यांत चपळ. पण आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत तिचा दम तुटायचा. भरती दोन महिन्यांवर आलेली. मॅडमनी ते यंत्र तिच्याच हातून दगडाने फोडून घेतलं. तलफ आली की फोन कर, भाजलेली जवस चघळ, मैदानाला दोन चकरा मार. चार दिवस पोरगी रडली, भांडली, मॅडमना नाही नाही ते बोलली. पाचव्या दिवशी एकदम शांत झाली. मॅडमना वाटलं, जिंकलो.

पंचविसाव्या दिवशी तिची आई सीताबाई पेढे घेऊन मैदानावर आली.

"पोरगी सुटली जी मॅडम. लय चिडे, जेवे नाई. मंग मी माह्यातलाच खर्रा तिले द्याले लागली. आता कशी गाय झाली!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अवो, खर्र्यात तमाखूच असते ना! आगीतून काढून फुफाट्यात टाकली तुमी पोरीले!"

"खर्रा त सारेच खातात जी. मले वीस वर्सं झाले. काय झालं मले?"

या प्रश्नाने मॅडमचं डोकंच फिरलं. पाहुण्याला चहाआधी खर्रा देणाऱ्या गावात पोरींचं व्यसन सोडवायचं, म्हणजे नळ चालू ठेवून ओटा पुसत बसायचं.

"काही होत नाई ना? मंग तुमीच सोडून दाखवा. आजपासून, तिच्यासंगं."

सीताबाई हसत 'हो' म्हणाली. खर्र्याविना चौथ्या दिवशी ती मैदानावर आली. सकाळीच नवऱ्यावर ताट भिरकावून आली होती. मॅडम तिला सुनावणार होत्या, पण ती पोरीकडे पाहत होती. आकांक्षा पहिल्याच फेरीत गुडघ्यांवर हात टेकून थांबली होती.

"मॅडम," सीताबाई म्हणाली, "असे चार दिवस पोरीनं एकटीनं काढले होते. अन् पाचव्या दिवशी मीच तिच्या हातावर पुडी ठेवली."