हद्दीबाहेर

ती घटना आठवली नाही असा दिवस निवृत्तीनंतर माझ्या वाट्याला आलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या ज्या ठाण्याचा मी प्रभारी होतो तिथे ती एका ट्रकचालकाच्या नावावर नोंदलेली आहे. ती नोंद खोटी आहे आणि ती मी केलेली आहे.

ती घडली त्याच महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी आम्हा अधिकाऱ्यांचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले होते. मनाचा आजार असलेला माणूस रस्त्यात बिथरला तर पोलिसाने काय करावे, हा विषय. शिकवायला सरकारी रुग्णालयातल्या एक डॉक्टर बाई होत्या. गर्दी हटवा, काठी बाजूला ठेवा, आवाज खाली घ्या, त्याला जे दिसते ते खोटे म्हणू नका, असे त्यांनी सांगितले. मागून एकाने विचारले, "मॅडम, वरिष्ठ बिथरले तरी हेच करायचं का?" सगळे हसले, बाईही हसल्या. मग त्यांनी प्रात्यक्षिक करायला लावले. एक सहकारी रुग्ण झाला, मी पोलीस. माझे इतके छान जमले की टाळ्या पडल्या. त्यानंतर बाईंनी पुढचा भाग सांगितला: त्या माणसाला संरक्षणात घ्यायचे, रुग्णालयात न्यायचे, घरच्यांचा शोध घ्यायचा. त्या वेळी मी फोनवर बंदोबस्ताचे बोलत होतो.

बंदोबस्त एका मंत्र्यांच्या दौऱ्याचा होता. दौऱ्याच्या दिवशी दुपारी ताफा यायच्या थोडे आधी मुख्य चौकात एक तरुण उभा राहिला. अंगात मळका सदरा, पायात काही नाही. दोन्ही हात पसरून तो गाड्या वळवत होता. तोंडाने मेंढरे हाकल्याचा आवाज काढत होता आणि एखादी जीप पुढे घुसली की धावत जाऊन तिच्या बॉनेटवर थाप मारत होता. लोक मोबाइल काढून उभे. एका शिपायाने काठी उगारली. मी त्याला मागे घेतले, टोपी काखेत धरली आणि त्या तरुणाजवळ गेलो.

"किती मेंढरं हायेत?" मी विचारले.

तो थांबला. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "लई हायेत. पर तिकडं पाणी न्हाई. मरतील."

मी म्हणालो, पाणी कुठे आहे ते मला माहीत आहे, चल, दाखवतो. तो मुकाट्याने माझ्यासोबत चालू लागला. पोलिसी नोकरीत इतक्या सहज माझ्यासोबत कुणी आले नव्हते.

रुग्णालयात न्यायला गाडी आणि दोन माणसे लागली असती. सगळी माणसे रस्त्यावर लावलेली होती. अशा वेळी करायची एक जुनी गोष्ट मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून बघत आलो होतो. वेडसर माणूस सापडला की जाणाऱ्या ट्रकमध्ये बसवायचा आणि हद्दीबाहेर सोडायला सांगायचा. पलीकडचे ठाणेही त्याला पुढे ढकलते. कारखान्यावर ऊस खाली करून एक रिकामा ट्रक माजलगावच्या रस्त्याने निघाला होता. नाक्यावर मी तो थांबवला. तरुण वर चढायला तयार होईना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "मी हाय ना. बस." तो बसला. चालकाला हद्दीच्या पुढे उतरवून द्यायला सांगितले. "कुठं उतरवू साहेब?" त्याने विचारले. मी म्हणालो, कुठेही.

आठवड्याने एक म्हातारा मेंढपाळ ठाण्यात आला. कडा गावाच्या बाजूचा. मुलगा बेपत्ता होता. गोळ्या चालू होत्या, त्या संपल्या आणि पोरगं मेंढरांच्या तळावरून निघून गेलं, असे त्याने सांगितले. मोबाइलवरचा फोटो त्याने माझ्यापुढे धरला. मी लगेच ओळखले. जवळ उभ्या हवालदारानेही ओळखले. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याला मिसिंग दाखल करून घ्यायला सांगितले. सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश गेला. शोध पथक नेमले. सगळे नियमाप्रमाणे.

मग खबर आली. हद्दीपलीकडच्या एका ढाबेवाल्याने एका ट्रकमध्ये असा माणूस बसलेला पाहिला होता. गाडीचा नंबर त्याला आठवत होता. चालकाला आणले. चौकशी मी स्वतः केली, दुसऱ्या कुणाला खोलीत थांबू दिले नाही. तो घाबरलेला नव्हता, गोंधळलेला होता. आपल्याला कशाला आणले हेच त्याला कळत नव्हते.

"साहेब, तुमीच तर बसवलं त्याला," तो म्हणाला.

मी त्याच्या थोबाडीत मारली. पुन्हा तेच विचारले. त्याने उत्तर बदलले. माणसे उत्तर कधी बदलतात हे मला चांगले ठाऊक होते.

उतरवल्याची जागा मात्र त्याने खरी सांगितली. तो तरुण वाटभर पाणी कुठे आहे म्हणून विचारत होता. कालवा दिसला तेव्हा त्यानेच गाडी थांबवायला लावली. आम्ही तिथून खाली शोध घेतला. प्रेत कालव्याच्या पुढच्या दारांना अडकलेले सापडले. पंचनामा, शवविच्छेदन, ओळख पटवणे, सगळे झाले. अहवालात मी लिहिले की चालकाने वेडसर इसमास स्वतःहून गाडीत घेतले आणि निर्जन जागी कालव्याकाठी सोडून दिले. निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. ठाण्यात कुणी तोंड उघडले नाही. मी कुणाला गप्प बसा असे सांगितलेही नव्हते.

प्रेत ताब्यात घेताना म्हातारा मला म्हणाला, "सायेब, माझं पोरगं परक्याच्या गाडीत चढत न्हाई. दवाखान्यात न्यायचं तरी मला लई इनवावं लागायचं. ह्या डायवरनं काय सांगून चढिवलं असंल?" मी म्हणालो, तपास चालू आहे.

पुराव्याअभावी चालक सुटला, पण त्याला फार वर्षे लागली. मालकाने त्याला आधीच काढले होते. मीही निवृत्त झालो, सत्कार झाला. संवेदनशील अधिकारी, असे एकाने भाषणात म्हटले.

मागच्या वर्षी नव्या उपनिरीक्षकांपुढे त्याच विषयावर बोलायला मला बोलावणे आले. मी होकार दिला आणि काय बोलायचे ते जमेना. शेवटी न जाता कड्याकडे गेलो. म्हातारा आता मेंढरांमागे जात नाही, घरीच असतो. त्याने मला ओळखले, बाजेवर बसवले. मी सगळे सांगितले. पाठीवर हात ठेवल्याचेही.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हंजे कुणी मारून न्हाई नेलं त्येला."

"नाही."

"गोड बोललात म्हनून आला."

मी मान हलवली.

"त्या डायवरचं वाटोळं व्हावं म्हनून मी देवाला साकडं घातलंतं," तो म्हणाला. "त्येला सांगितलं का?"

अजून नाही, असे मी म्हणालो.

"मंग हितं काय करायलात? आधी तिकडं जा."

चालक परळीला सापडला. वीज केंद्राच्या राखेच्या विटांच्या भट्टीवर हमाली करतो. अंगावर, भुवयांवर राख. मी बोलत असताना त्याने मला बसा म्हटले नाही. ऐकून झाल्यावर विचारले, "हे लिहून देताल का? माझ्या पोरीच्या सासरी अजून म्हनतात, तुझ्या बापानं येडं मानूस मारलं."

मी वरिष्ठ कार्यालयाला लेखी जबाब दिला आहे. त्याचे काय होईल ते होवो, एक प्रत चालकालाही दिली. पण जबाब फायलीत जातो, आणि सासरची माणसे फायली वाचत नाहीत. म्हणून हे इथे लिहिले.

प्रशिक्षणाला आता मी जातो. आवाज खाली घ्यायला शिकवणे सोपे आहे, पोरे चटकन शिकतात. मी त्यांना त्याआधीचे विचारतो. समोरचा माणूस तुमचे ऐकून तुमच्यासोबत निघाला, तर त्याला कुठे नेणार आहात? ज्याला उत्तर देता येत नाही त्याला मी सांगतो, मग त्याच्याशी गोड बोलू नका. तो विश्वास ठेवील.