चालीवरून माणूस

आमच्या वर्गातले किस्से सांगायला बसलं की थांबायचं कुठे हेच कळत नाही. एक सांगावा तर शेजारचा म्हणतो, तो मातीच्या पैलवानाचा सांग ना. तो सांगावा तर तिसऱ्याला शुभमची गाडी आठवते. अमरावतीत गिलावड्याच्या गाडीवर आम्ही अजूनही जमतो. प्लेटा रिकाम्या होतात, गाडीवाला आवराआवर करायला लागतो आणि आमचं आपलं चालूच असतं.

बाहेरच्यांना वाटतं, आर्ट कॉलेजात अ‍ॅनिमेशन शिकतात म्हणजे पोरं दिवसभर कार्टून बघत बसतात. माझ्या अकोल्याच्या मावशीनं तर मला एकदा नातवाला गप्प बसवायला बोलावलं होतं, 'तुझं शिक्षणच त्यातलं आहे ना' म्हणून! काय सांगणार तिला? त्या वर्षात मी जेवढा आ वासून बघत राहिलो, तेवढा आयुष्यात कधी राहिलो नव्हतो.

*

सुरुवात पूजापासून करावी लागते. पूजा अंजनगाव सुर्जीची. घरी फुलं आणि भाजी. झेंडू, शेवंती, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे मोसमात येईल ते. बाजारात आई बसायची. पूजा बारावीत असताना आई गेली. तेव्हापासून घरात ती, धाकटा भाऊ आणि बाबा.

अ‍ॅडमिशनच्या दिवशी बाबा तिला घेऊन आले ते थेट फुलबाजारातून. खांद्यावरच्या दुपट्ट्याला झेंडूची पाकळी चिकटलेली. मीही तिथेच फॉर्म घेऊन उभा होतो. त्यांनी आमच्या वानखडे सरांना विचारलं, हे शिकून पोरगी करेल काय? सर म्हणाले, काढलेली चित्रं हालवेल.

बाबांनी जरा विचार केला.

"हालवून काय होते?"

वानखडे सर म्हणजे बोलण्यात कुणाला ऐकणारे नव्हेत. पण त्या प्रश्नावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, वर्षाच्या शेवटी आमचं प्रदर्शन असतं, तेव्हा तुम्हीच येऊन बघा.

"पाह्यतो एक वर्ष," बाबा म्हणाले. "पटलं तं ठीक. नाही तं घेऊन जाईन तिले."

पूजाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती कोपऱ्यातल्या काचेच्या टेबलाकडे बघत होती. त्याच्या आत दिवा असतो. वर चार कागद एकावर एक ठेवले तरी सगळ्यात खालची रेघ दिसते. तिनं एक बोट काचेवर ठेवलं आणि दिव्याच्या उजेडात ते लाल झालेलं बघत बसली. मला तेव्हाच वाटलं, हिला इथून नेणं सोपं जाणार नाही. पण बाबांचा चेहरा बघितला आणि वाटलं, नेतीलही.

*

पहिले कितीतरी दिवस आम्ही फक्त चेंडू काढला. चेंडू पडतो, उसळतो, पडतो, थांबतो. बस. सरांचं एकच म्हणणं, मला त्याचं वजन दिसलं पाहिजे. आमच्यातला शुभम मूर्तिजापूरचा, त्याची जीभ कधी जागेवर नसते. तो म्हणाला, "सर, बाजूले लिहून देऊ काय, वजन इतकं इतकं?"

सरांनी सगळ्यांना व्हरांड्यात हाकललं. जे हाताशी असेल ते पाडा आणि बघा. आम्ही खोडरबर पाडलं, चप्पल पाडली, डबा पाडला. पूजाच्या बॅगेतलं संत्रं तर इतक्यांदा पडलं की शेवटी ते कुणी खाईना. खालच्या मजल्यावर मूर्तिकलेचा वर्ग होता. तिथून दोनदा निरोप आला, वर काय चाललंय म्हणून.

मग एक दिवस पूजाचा चेंडू कॉम्प्युटरवर लागला. वरून आला, जमिनीला लागून जरासा चपटा झाला, उठला, पुन्हा आला, थोडा कमी उठला आणि गडगडत स्क्रीनच्या कडेला निघाला. पेन्सिलीचा गोल होता हो तो! आत रंग नाही, खाली जमीन नाही. पण तो अगदी काठावर येऊन डगमगायला लागला, तसा शुभमनं पटकन स्क्रीनखाली हात धरला. पडू नये म्हणून.

*

चेंडूनंतर माणसाची चाल आली आणि आमची गावात बदनामी सुरू झाली.

चाल शिकायची म्हणजे लोकांच्या मागे फिरायचं. शुभमनं राजकमल चौकात एक गृहस्थ हेरले. पोट पुढे, पाय बाहेर फेकत चालणारे. तो चांगला कोपऱ्यापर्यंत त्यांच्या मागे गेला. ते गर्रकन वळले.

"काहून रे, माह्या मांगं मांगं काहून येऊन राह्यला?"

शुभमनं खरं ते सांगितलं. काका, तुमची चाल बघतोय, कॉलेजचा अभ्यास आहे. गृहस्थ आधी रागावले, मग त्यांना ते पटलं. त्यांनी शर्ट खाली ओढला, पोट आत घेतलं, छाती काढली आणि फुटपाथवरून परेडसारखे चारदा येऊन-जाऊन दाखवलं. वर विचारलं, आलं काय नीट? बिचारा शुभम हात जोडून परत आला. ज्यासाठी गेला होता ती चाल तर गेली पोटात!

सर म्हणाले, म्हणूनच माणसाला कळू न देता बघायचं असतं. मग त्यांनी शिकवलं की मोजकीच चित्रं काढायची आणि तीच फिरवत राहायची. माणूस जागच्या जागी चालत राहतो. शुभम म्हणाला, म्हणजे हा कितीही चालला तरी अमरावतीतच. सर म्हणाले, मागे रस्ता काढून तो सरकवला की पोचतो. पण आधी चाल.

*

मग आली ओळख परेड. प्रत्येकानं ओळखीच्या एका माणसाची चाल काढायची. नियम कडक. चेहरा नाही, कपडे नाहीत, सामान नाही, नुसत्या रेघा. लावायची आणि वर्गानं ओळखायचं.

शुभमची चाल लागली. दुसरं पाऊल पडायच्या आत सगळा वर्ग माझं नाव घेऊन ओरडला. मला तोपर्यंत वाटायचं की मी रुबाबात चालतो. ती काडी मात्र मान खाली घालून अशी चालली होती, जणू तिची किल्ली हरवली आहे. खोलीवर येऊन आरशासमोर चालून बघितलं. किल्ली हरवलेलीच होती.

मी काढली होती सरांची. ती लागली तशा सगळ्यांच्या माना वह्यांत गेल्या. सरांनी दोनदा नीट बघितली आणि म्हणाले, काम चांगलं आहे, पण हा इतका दमलेला माणूस कोण? कुणी ओळखलं नाही. अख्ख्या वर्गानं एकमेकांकडे न बघता सांगितलं, ओळखू येत नाही सर.

शेवटी पूजाची लागली. एक बाई. मान ताठ, उजवा हात वर, डावी टाच पुरती टेकत नव्हती. डोक्यावर काही काढलेलं नव्हतं, पण काहीतरी जड आहे आणि ते ती सांडू देणार नाही, हे दिसत होतं. दर थोड्या पावलांनी मान जराशी कलायची आणि पुन्हा सरळ व्हायची. रेघा होत्या त्या, मोजल्या तर दहा भरल्या नसत्या. आणि आमच्या खोलीतून एक बाई चालत होती.

कुणालाच नाव सांगता येईना. सरांनी विचारलं, कोण आहेत या?

"तुमी नाही ओळखत सर," पूजा म्हणाली आणि कागद गोळा करायला लागली.



*

उन्हाळा लागला तसे सगळे आपापल्या फिल्मला लागले. वर्षअखेरच्या प्रदर्शनात प्रत्येकाची छोटी फिल्म लागायची होती. मी क्लेचा, म्हणजे मॉडेलिंगच्या तेलकट मातीचा पैलवान केला होता. जरा हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा जरा हलवायचा, पुन्हा फोटो. हा गदा उचलून खांद्यावर घेणार होता. कूलरच्या हवेनं सेट हालायचा म्हणून मी कूलर बंद केला. डोक्यावर दोन मोठे दिवे, बाहेर अमरावतीचं ऊन. मी अकोल्याचा, मला उन्हाचं काय कौतुक!

सगळे फोटो जोडून लावले आणि मला घाम फुटला. पैलवान छाती काढून उभा राहिला, गदेला हात घातला आणि मग त्याचे खांदे उतरायला लागले. पाठ वाकली, गुडघे वाकले, गाल ओघळले. शेवटी एक म्हातारा गदेचा आधार घेऊन उभा होता. उष्णतेनं क्ले प्रत्येक फोटोला केसभर खचत गेला होता आणि मी नुसता त्याचा हातच बघत बसलो होतो.

मी पुसून टाकायला निघालो. सरांनी माझा हात धरला, कूलर लावला आणि खुर्ची ओढून पुन्हा लावायला सांगितलं. वर्ग मागे गोळा झाला. एक जवान माणूस आमच्या डोळ्यांदेखत म्हातारा झाला आणि कुणी हसलं नाही. सर म्हणाले, मुद्दाम करायला गेला असतास तर जन्मात जमलं नसतं. खोडू नको, नाव बदल. शुभमनं लगेच नाव सुचवलं, 'अकोल्याचा पैलवान'.

*

शुभमची फिल्म म्हणजे आगगाडी. मूर्तिजापूरची शकुंतला, ती आता बंद पडलेली, बैलगाडीच्या चालीची छोटी गाडी. गाडी स्क्रीनच्या एका कडेनं आत आली आणि जाता जाईना. सर म्हणाले, शुभम, मी चहा पिऊन येतो तोवर हिला ने. आणि खरंच गेले. परत आले तर गाडी अर्धी बाहेर, अर्धी आत. एक प्रवासी खाली उतरला, रुळाजवळच्या झाडाची बोरं खिशात भरली आणि चालत येऊन परत डब्यात चढला.

सर बोलणार होते, तेवढ्यात शुभम म्हणाला, "आजोबानं सांगतलं तेवढाच स्पीड ठेवला सर. मी तिले चालताना पाह्यलीच नाही."

सरांनी शेवटचा डबा जाईपर्यंत उभं राहून बघितलं.

*

आणि पूजा? पूजा अजून चालीवरच होती. तिची फिल्म अशी होती की ती बाई बाजारातून निघते, पांदणीनं शेतं ओलांडते आणि घरी येते. सर रोज सांगायचे, चाल झाली, आता रस्ता काढ, घर काढ. ती म्हणायची, टाच अजून बरोबर पडत नाही. पुन्हा कागद, पुन्हा दिवा. प्रदर्शन आलं तेव्हा तिच्याजवळ चालीशिवाय काही नव्हतं. रस्ता नाही, घर नाही, रंग नाही.

सकाळी ती मला म्हणाली, "बाबा आज मले घेऊन जातीन." रडली नाही. बॅग भरूनच आणली होती. ती तिनं स्क्रीनजवळ खाली ठेवली.

बाबा दुपारी आले. तोच दुपट्टा. पैलवान बघितला, शकुंतला बघितली, मान डोलावली. मग पूजाच्या स्क्रीनसमोर आले. पांढऱ्या कागदावर ती बाई चालत होती. शेजारचे लोक आले, बघून गेले. बाबा तिथेच. शुभमनं खुर्ची आणून ठेवली, ती त्यांना दिसलीच नाही.

मग त्यांनी विचारलं, "टोपलं कुठी हाय तिचं?"

पूजानं हळूच सांगितलं, सामान काढायचं नाही असा नियम होता.

त्यांनी मान हालवली. पुन्हा बघत राहिले. वानखडे सर मागे येऊन उभे होते, त्यांनी चष्मा काढला होता.

"अन् जाग्यावरच काहून चालून राह्यली?"

"घर काढाचं राह्यलं बाबा," पूजा म्हणाली. "वेळ नाही पुरला."

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, तोंडावरून फिरवला, घडी करून परत खांद्यावर टाकला. मग खाली वाकले, पूजाची बॅग उचलली आणि तिच्याच टेबलाखाली सरकवून ठेवली.

"कवाची चालून राह्यली," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी घरी आनजो तिले."