आधी पडायला शिका

तोमिनागासान हॉलमध्ये आले की कुणाला ‘गुटेन मोर्गेन’ म्हणायच्या आधी मॅटवर धाडकन पाठीवर पडायचे. वय सत्तरीच्या पुढे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अँब्युलन्स बोलवायला फोनच काढला होता. ते उठले, टी-शर्ट झटकला आणि जर्मनमध्ये म्हणाले, “आल्झो, पाठ अजून माझं ऐकते. चला, कामाला लागू.”

फ्रँकफर्टच्या एका जुन्या गोदामात त्यांची कुस्तीशाळा होती. कुस्ती म्हणजे दोरांच्या रिंगमधली, तिकीट लावून होणारी. तरुणपणी जपानमध्ये त्यांची पोस्टर्स स्टेशनांवर झळकत. युरोपच्या दौऱ्यात गुडघा दुखावला, बरा होईपर्यंत शिकवू म्हणून राहिले ते राहिलेच. आज युरोपात रिंगमध्ये उतरणारे कितीतरी जण त्यांच्या हाताखालून गेलेत. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की ते चहा करायला उठत.

आमची लेक इरा शाळेत असतानाच त्यांच्याकडे जायला लागली. कित्येक महिने नुसती पडत होती. अंग काळंनिळं. शेवटी मी न राहवून विचारलं, “पाडायला कधी शिकवणार?”

“पाडायला काय, बर्फालाही येतं,” ते म्हणाले. “आधी पडायला शिकू दे.”

शाळा संपली आणि इराला जपानला, त्यांच्या जुन्या तालमीत जायचं होतं. नवऱ्याने नेहमीप्रमाणे हात वर केले, “अण्णा म्हणतील ते.” अण्णा म्हणजे माझे सासरे, कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले, कान मोडलेले पैलवान. उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आले होते. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. “सूनबाई, ही नुरा कुस्ती. आधी ठरवून केलेली. आपल्या घरात न्हाई चालायची.” इरा खोलीत जाऊन रडली. मलाही रडू आलं, पण मला भाजी करायची होती.

त्याच सुमारास तोमिनागासानांनी निवृत्तीची शेवटची कुस्ती जाहीर केली, तीही इराशी, आणि आपण हरणार हेही शिष्यांना सांगून टाकलं. शिष्य हळहळले. एवढ्या मोठ्या माणसाने जिंकून जावं, असं सगळ्यांना वाटत होतं. ते म्हणाले, “जाणाऱ्यानं हरूनच जायचं, ही आमची रीत. जिंकून गेलो तर मागच्यांना काय ठेवलं?”

अण्णांना मी जवळजवळ ओढूनच नेलं. सुरुवातीलाच म्हाताऱ्याने इराला उचलून असं आपटलं, की तिचे दोन्ही खांदे मॅटला टेकले. अण्णा उठून उभे राहिले. “झालं. चितपट! चला घरी.”

“अहो अण्णा, बसा. इथे तीन मोजतात.”

पंच मोजत होता. आइन्स, त्स्वाय... आणि इराने खांदा उचलला. “आँ? उठली की पोरगी!” अण्णा मटकन खाली बसले. नंतर ती पुन्हा पडली, पुन्हा उठली, आणि दर वेळी अण्णांची मूठ माझ्या दंडावर आवळत गेली. शेवटी तिने तोमिनागासानांना खांद्यावरून फेकलं. एवढा मोठा देह असा आदळला, की पुढच्या रांगेतली बाई किंचाळली. तीन मोजून झाले तरी ते तसेच पडून होते. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान.

अण्णा रिंगपाशी गेले. “विचार त्यांना, सूनबाई. ठरवून केलं न्हवं?”

मी भीतभीतच विचारलं. तोमिनागासान उठून बसले, घाम पुसला. “गेनाऊ, अगदी बरोबर,” ते म्हणाले. “निकाल ठरलेला होता. आपटलो मात्र खराखुरा.” आणि त्यांनी टी-शर्ट वर करून लालबुंद झालेली पाठ दाखवली.

अण्णांनी त्या पाठीवर हलकेच हात ठेवला. तेवढ्यात इरा धापा टाकत आली आणि अण्णांच्या पायांशी वाकली. अण्णा झटकन मागे सरकले.

“आधी वस्तादांच्या पाया पड,” ते म्हणाले. “आणि मग जपानला जा.”