माझा उपास तिनं धरला

खरं सांगते, त्या नवरात्रात माझ्या मनात देवीवरच्या विश्वासापेक्षा भीतीच जास्त होती. मुलगी दिवस भरायच्या फार आधी जन्मली. आमच्या नाचणगावच्या दुकानातल्या साखरेच्या किलोच्या पुड्यापेक्षाही हलकी! वर्ध्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत तिला पाहिलं आणि मी घाबरून बोलून बसले, "आई, पोर वाचू दे, नवरात्रभर अन्नाला शिवणार नाही." मी जात्याच हट्टी. नुसत्या पाण्यावर आणि चहावर राहिले.

तिला नळीतून माझं दूध थेंब थेंब द्यायचे आणि त्यात पुडीतली एक पावडर मिसळायचे. इतक्या लवकर आलेल्या बाळांना नुसतं आईचं दूध पुरत नाही, हाडं भरायला, वजन वाढायला जोड लागते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. पण पावडर मिसळायला आधी दूध तर हवं! ते रोज कमी होत गेलं. बाई कळवळून म्हणायच्या, "अहो, पोटभर जेवा." मी मान डोलवायची आणि उपाशीच राहायची. नवस मोडला आणि पोरीला काही झालं तर? एका दुपारी पिळलेल्या दुधानं वाटीचा तळसुद्धा झाकला नाही. आवारातल्या कडुलिंबाखाली बसून मी हमसून हमसून रडले.

शेजारी हिंगणीकडची एक म्हातारी शिदोरी सोडत होती. वांगी-मेथी पिकवून विकणारी, लेकाला भरती केलं म्हणून आलेली.

"काऊन रडून राह्यली वं माय?"

मी सगळं सांगितलं. तिनं आपली भाकर आणि मेथीची भाजी माझ्यापुढे सरकवली. मग हात जोडले. "आई, हिचा उपास आजपासून माह्याकडं." आणि मला म्हणाली, "देवीले उपास पायजे ना? भेटन तिले. तू जेव."

"अहो मावशी, पण तुम्ही उपाशी?"

"मले आता कोनाले पाजाचं हाय वं?" म्हणून ती खुदकन हसली.

मी रडत रडत जेवले. नवमीपर्यंत ती रोज माझ्यासाठी भाकर आणायची आणि स्वतः चहा पिऊन बसायची. दूध हळूहळू पुन्हा उतरू लागलं. पोटात अन्न गेलं आणि मनाचा घोर गेला म्हणून, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. असेलही, मला वाद घालायचा नाही. माझ्यापुरती देवी भाकर घेऊन आली होती.

दसऱ्यानंतर म्हातारी दिसली नाही. तिच्याकडे मोबाइल नव्हता, आणि मी बावळट, नावही विचारलं नाही. पोर आता शाळेत जाते, घर डोक्यावर घेते. तेव्हापासून मी देवीपुढे अट घातलेली नाही. फक्त हात जोडते, पुढचं तिच्यावर सोडते.

गेल्या नवरात्रात लेकीला दाखवायला त्याच दवाखान्यात गेले होते. कडुलिंबाखाली एक ओली बाळंतीण बसलेली, डबा पुढ्यात तसाच. बाळ आत पेटीत आहे, म्हणाली, आणि उपास आहे. मी तिच्याजवळ बसले, डबा उघडला.

"जेव वं माय," मी म्हटलं, "तुहा उपास मी धरतो."